जाते म्हणू नये

ठकूने लाकडी बाई उचलली, बाहुलीघराच्या दारात उभी केली आणि तिच्या वतीने म्हणाली, "जाते." मग बाईला वाळूच्या ट्रेमधून कडेकडेने सगळा फेरा घालून आणलं आणि दारातून परत आत घेतलं. त्यानंतर लाकडी बुवाची पाळी. तोही "जातो" म्हणाला आणि वाळूतून फिरून आला. मग लंगडा पोस्टमन, मग डोकं डिंकाने चिकटवलेला एक शिपाई, मग कुत्रा. कुत्र्याला बोलता येत नसल्यामुळे त्याने नुसती मान हलवली, पण ती "जातो" म्हणाल्यासारखीच हलवली, असं ठकूने समजावून सांगितलं.

खेळताई तिच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिचं खरं नाव दाराबाहेरच्या पाटीवर पदव्यांसकट लिहिलेलं होतं, पण मुलं तिला खेळताई म्हणत आणि मुलांचं ऐकून पालकही तसंच म्हणू लागले होते. एवढं शिकून शेवटी दिवसभर वाळूतच बसायचं ना, असं तिची स्वतःची आई अजून ऐकवत असे. मुलांच्या मनातलं त्यांच्या खेळातून ओळखायचं, हे तिचं काम; त्यासाठीची खोली दवाखान्याच्या मागच्या अंगाला होती. पूर्वी तिथे एक्स-रे काढत. त्या काळातलं जाड, जड दार तसंच राहिलं होतं आणि ते उघडायला मुलांना अंगाचा सगळा जोर लावावा लागे. एकदा ते लागलं की बाहेरचा खोकला, फोन, नंबर पुकारणं, काही म्हणता काही आत येत नसे.

"आता ही तू," ठकू म्हणाली आणि तिने निळ्या झग्यातली छोटी बाहुली खेळताईच्या हातात दिली.

खेळताईने बाहुली दारात उभी केली. ठकू बघत होती.

"येते हं," खेळताईची बाहुली म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि मगच तिच्या लक्षात आलं. जन्माची सवय. घरातून निघताना, दुकानातून निघताना, फोन ठेवतानासुद्धा माणूस येते म्हणतं. जाते म्हणू नये, हे कुणी कधी शिकवलं तेही कुणाला सांगता यायचं नाही.

ठकूने तिच्या हातातून बाहुली काढून घेतली. ती वाळूत पालथी घातली आणि तिच्यावर दोन्ही हातांनी वाळू लोटली.

"ही खोटं बोलली," ती म्हणाली.

मग उरलेला सगळा वेळ ती पाठ फिरवून बसली आणि गुडघ्याला चिकटलेली वाळू एकेक कण करून काढत राहिली. खेळताईला स्वतःचा इतका राग आला की विचारू नका. मुलाच्या खेळात आपले शब्द घुसडायचे नाहीत, मूल देईल तेवढंच बोलायचं, हा या कामाचा पहिला धडा. शिकाऊ पोरींना हाच धडा ती घसा कोरडा पडेस्तोवर सांगत असे. आणि तोच विसरली, तेही या मुलीपाशी.

कारण ठकूला इथे आणलं होतं ते याच एका शब्दासाठी.

पहिल्या दिवशी आजी आणि बाबा असे दोघे आले होते. बोलत होती ती आजीच.

"घरातनं निघताना जाते म्हणते हो," आजी म्हणाली. "शाळेत निघाली, जाते. खाली खेळायला निघाली, जाते. मी म्हणते, अगं सोन्या, येते म्हणावं. तर अशी टक लावून बघते आणि पुन्हा तेच. दार लागेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. सून गेली, आता या पोरीच्या तोंडी..."

"आई, पुरे," बाबा म्हणाला.

दुसरीकडे कुठे हे सांगितलं असतं तर ऐकणारा हसला असता. एवढंच ना, म्हणाला असता. खेळताई हसली नाही. तिच्याही काळजात तसंच चर्र झालं होतं.

ठकूची आई उन्हाळ्यात ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेली आणि टेबलावरच संपली. ठकू पहिलीत. तिला सांगायचं कसं म्हणून तेव्हा कुणीतरी म्हणालं की आईला लांबच्या मोठ्या दवाखान्यात नेलंय, बरी झाली की येईल. मग ते तसंच चालू राहिलं. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू द्यावा लागतो. आजी संध्याकाळी बंद फोन कानाला लावून, "हो गं, जेवली ठकू, तू औषधं घे वेळेवर," असं बोलू लागली. हे सांगताना तिचा आवाज अगदी फोनवरच्यासारखा झाला आणि मग तिला पुढे बोलवेना.

"ठकू फोन मागत नाही?" खेळताईने विचारलं.

"नाही. एकदासुद्धा नाही."

मध्ये ठकू तापाने फणफणली होती. तरी शाळेत जायचंच म्हणून तिने रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी बाबा तिला उचलून शाळेच्या फाटकापर्यंत घेऊन गेला, तिथे तिने जाते म्हणून फाटकाच्या आत पाऊल टाकलं, बाहेर आली, आणि मग मुकाट्याने घरी येऊन झोपली.

बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करत असे. सगळा वेळ तो स्वतःचा चष्मा शर्टाच्या टोकाने पुसत होता आणि पुसून झाला की पुन्हा पुसत होता. निघताना म्हणाला, "तिला आईचं काही ठाऊक नाही. तुम्हीही सांगू नका, ताई."

"मी होऊन नाही सांगणार. ते तुम्हीच सांगायचंय. पण तिने विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"ती विचारत नाही," तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "तुमचा चष्मा डावीकडे उतरलाय. द्या." त्याने तिच्याकडून चष्मा घेतला, दांडी बोटांनी किंचित वाकवली, परत दिला. "आता बघा."

खेळताईला भीती वाटत होती ती एकाच गोष्टीची. पोरीला आई गेल्याचं कुठूनतरी कळलंय आणि तिला आईकडे जायचंय. अशी मुलं तिने पाहिली होती. फार नाही, पण पाहिली होती, आणि त्यांची आठवण झाली की तिला अजून झोप लागत नसे.

पुढच्या खेपेला ठकू दार ढकलून आत आली, पण वाळूकडे वळली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली.

"मागच्या वेळी माझं चुकलं," खेळताई म्हणाली. "त्या बाहुलीने काय म्हणायचं ते मी तुला विचारलंच नाही. माझ्या मनानं बोलले."

ठकूने जरा वेळ तिला आजमावून पाहिलं. मोठी माणसं चुकलं म्हणतात आणि लगेच पण म्हणतात, त्या पणची ती वाट पाहत असावी. तो आला नाही. मग तिने वाळूत हात घालून निळ्या झग्यातली बाहुली उकरून काढली, फुंकर मारून तिचं तोंड साफ केलं आणि ती खेळताईला दिली.

"काय म्हणू?" खेळताईने अगदी हळू, बाहुलीला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं.

"जाते म्हण."

"जाते," बाहुली म्हणाली. "आणि आता?"

"आता फिरून ये. तिकडून. लांबून."

खेळताईने बाहुलीला लांबून फिरवून आणलं. ठकू तिच्याबरोबर गुडघ्यांवर सरकत होती, वाटेतले खडे बाजूला करत होती. बाहुली दारातून आत शिरली तशी ठकूने श्वास सोडला.

"आली," ती म्हणाली.

"जाते म्हणाली, तरी आली."

"हो, मग? येता येतं. आजी उगाच घाबरते." ठकू आता पोस्टमनला तयार करत होती. "मी रोज येते की. ताप होता तरी आले."

"तू रोज बघतेस, येता येतं का ते."

"नाही गेलं तर कसं कळणार?" ठकू म्हणाली, आणि पोस्टमनला वाळूत उतरवलं.

खेळताईला एकदम सुटल्यासारखं वाटलं आणि पाठोपाठ इतकं वाईट वाटलं की तिने उगाचच खाली पडलेला शिपाई उचलून त्याच्या मानेवरचा डिंक तपासला. पोरीला मरायचं नव्हतं. पोर रोज सकाळी दप्तर घेऊन निघत होती, ते गेलेलं माणूस परत येऊ शकतं हे सिद्ध करायला. आणि रोज दुपारी ते सिद्ध होत होतं. आजारी पडून भागणार नव्हतं तिला.

दुसऱ्या दिवशी खेळताई स्वतःच चष्म्याच्या दुकानात गेली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. बाबा मागच्या बाजूला काच घासायच्या यंत्रापाशी होता. त्याने यंत्र बंद केलं.

"तिने गेली हा शब्द ऐकलाय," खेळताई म्हणाली. "माणसं भेटायला येतात, हळू आवाजात बोलतात, बिचारी गेली म्हणतात. तिला वाटतं, गेली तर येईल. गेलेली माणसं येतातच. म्हणून ती स्वतः जाऊन बघते, रोज."

बाबाने हातातली काच खाली ठेवली.

"थकून जाईल हो ती," खेळताई म्हणाली. "आता सांगायला हवं."

"काय सांगू? देवाघरी गेली?"

"तिथूनही येईल मग. गेली म्हणायचंच नाही. मेली म्हणायचं."

"मेली?" तो ओशाळं हसला. "ताई, ती शिवी आहे आमच्याकडे. दूध उतू गेलं की आई मांजराला म्हणते, मेली कुठली. ठकूच्या आईला मी मेली म्हणू?"

"वारली तिला कळणार नाही."

"मरण पावली?"

"कशाला पावली, विचारेल."

हे मात्र खरंच विचारलं असतं तिने. दोघंही क्षणभर हसली, आणि त्या हसण्यातच बाबाचा बांध फुटला. काउंटरच्या आडोशाला तो तोंडात रुमाल कोंबून रडला. एवढ्या महिन्यांत तो रडला नव्हता, कारण घरात रडायची सोयच नव्हती. बायको दवाखान्यात बरी होत असलेला माणूस रडेल कशाला? खेळताईने समोरच्या आरशाकडे पाठ केली आणि भिंतीवरच्या फ्रेमा बघत उभी राहिली.

"तुमच्या खोलीत सांगितलं तर चालेल?" शेवटी तो म्हणाला. "घरात माझी हिंमत होणार नाही."

ठरल्या दिवशी बाबा आत आला. मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसला तेव्हा त्याचे गुडघे हनुवटीपर्यंत आले. ठकूला ते फार आवडलं. तिने त्याच्या हातात शिपाई दिला.

"हा तू. डोकं धरून ठेव, पडतं."

त्याने डोकं धरून ठेवलं. दुकानात काचा घासताना त्याने वाक्यं पाठ केली होती, खेळताईला फोनवर म्हणूनही दाखवली होती. पण पाठ केलेलं ऐन वेळी कुठे राहतं? त्याने खेळताईकडे पाहिलं. ती ठकूच्या जरा जवळ सरकली.

"ठकू, मी तुझ्याशी खोटं बोललो," तो म्हणाला. "आजीपण बोलली. आई लांबच्या दवाखान्यात नाहीये. आईचा आजार फार मोठा होता. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, खूप प्रयत्न केले, पण तिचं शरीर चालायचं थांबलं. आई मेली, ठकू. आता ती येणार नाही. यापुढे मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही."

ठकू वाळूवर तळवा फिरवत होती. सपाट झालेली वाळू ती पुन्हा सपाट करत होती.

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"मी मोठी झाले तरी?"

"तरी नाही."

"आता तिला दुखतंय?"

"नाही. आता नाही दुखत."

मग ठकू रडली. मोठ्याने नाही. तोंड उघडं राहिलं आणि आवाज मागाहून आला. बाबा खुर्चीतून उतरून तिच्याजवळ जाऊ लागला, पण पाय अडकले आणि तो अर्धवट वाळूत, अर्धवट जमिनीवर असा बसला. ठकू त्याच्या शर्टात तोंड खुपसून रडत राहिली. खेळताईचेही डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत.

रडणं ओसरल्यावर ठकू शर्टातूनच म्हणाली, "म्हणजे ती खरं बोलली होती."

"कोण?"

"आई. ती जाते म्हणाली होती."

खेळताईने मान वर केली. शेजारीपाजारी, हळू आवाजात बोलणारी माणसं, असलं काही नव्हतंच. तिचा सगळा अंदाज चुकला होता.

"कधी म्हणाली?" बाबाने विचारलं.

"त्याच दिवशी. तू खाली गाडी बघायला गेला होतास. आजी पिशवी भरत होती. आई माझे केस विंचरत होती. म्हणाली, ठकू, मी जाते हं. मी म्हटलं, आई, जाते म्हणू नये, येते म्हण. तूच सांगतेस ना. तर म्हणाली, हो गं, पण आज जातेच म्हणते, तुझ्याशी खोटं नको." ठकूने नाक पुसलं. "आजीला सांगू नकोस म्हणाली, ती रागावेल. म्हणून मी नाही सांगितलं."

बाबाचा हात तिच्या पाठीवर होता. तो तिथेच थांबला.

"मला आलेच म्हणाली," तो म्हणाला. ठकूला नाही, खेळताईलाही नाही, कुणालाच नाही. "आत नेत होते तेव्हा मी हात धरून ठेवला होता. म्हणाली, सोड की, आलेच. तोवर चहा घे म्हणाली. मी तिच्यासाठीपण घेऊन ठेवला."

जड दाराआड दवाखाना चालू असणार, पण खोलीत काही ऐकू येत नव्हतं. ठकूने मागे होऊन बाबाचा चेहरा नीट पाहिला. बराच वेळ पाहिला.

"तुला आलेच म्हणाली?"

"हो."

"मग तू वाट बघत असशील," ती म्हणाली.

बाबाने नाही म्हणायला तोंड उघडलं. मग त्याला आपण नुकतंच काय कबूल केलंय ते आठवलं असावं.

"हो," तो म्हणाला.

ठकू जरा सरकली आणि तिने त्याला आपल्या शेजारी नीट बसायला जागा करून दिली.